चौथी आवृत्ती

शिरीष कर्णिकांना आपल्या होणाऱ्या सुनेचा पहिल्यांदा राग आला तो तिच्या प्रबंधाची प्रस्तावना वाचताना. तोवर मुलगी त्यांना मनापासून आवडली होती. नाशिकच्या रेग्यांची देवश्री. जर्मनीत पूर्वेकडच्या एका विद्यापीठात सुरुवातीच्या अमेरिकन साहित्यावर डॉक्टरेट करत होती. कर्णिकांचा उभा जन्म त्याच विषयात गेला होता, आणि आपल्या इंजिनिअर मुलाने, मयुरेशने, आयुष्यात एकदा तरी बापाच्या विषयातलं काहीतरी घरी आणलं, असं ते ओळखीच्यांना हसत हसत सांगत.

साखरपुडा झाल्यावर देवश्रीने प्रबंधाचा मसुदा त्यांच्या हाती दिला. "बाबा, सादर करण्याआधी एकदा बघाल का? तुमच्याइतकं बारकाईने कुणी बघणार नाही."

दक्षिण जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावी, आपल्या घराच्या मागच्या अंगणात, चेरीच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते वाचायला बसले. प्रस्तावनेतच दोन पानं त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल होती. ते पुस्तक त्यांनी जर्मन विद्यार्थ्यांसाठी जर्मनमध्ये लिहिलं होतं. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आणि पंचवीस वर्षं दक्षिण जर्मनीतली पोरं अमेरिकन साहित्याची सुरुवात त्यातून शिकली. देवश्रीने लिहिलं होतं की या पुस्तकातला अमेरिकेचा किनारा जहाजाच्या डेकवरून पाहिलेला आहे. धर्मोपदेशकांची प्रवचनं आहेत, गव्हर्नरांच्या रोजनिश्या आहेत, भाविक कविता आहेत. किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्यांना एक परिच्छेद मिळाला आहे आणि त्याच जहाजांच्या तळाशी साखळ्यांत आणलेल्यांना एक तळटीप. भाषा कुठेही उद्धट नव्हती. उलट तिने त्यांच्या नावाआधी जर्मनमधला एक आदराचा शब्द योजला होता. पण तो शब्द ज्यांचे दिवस सरले आहेत त्यांच्यासाठीच वापरतात, हे कर्णिकांना चांगलं ठाऊक होतं.

तो शब्द त्यांना सगळ्यात जास्त लागला.

पुण्याहून इंग्रजीचे एम.ए. होऊन ते जर्मनीत आले तेव्हा त्यांना सगळीकडे एकच प्रश्न ऐकावा लागे. तुम्ही भारतातले, मग तुमच्याकडचं काही का शिकवत नाही? एका गोऱ्या प्राध्यापकाने तर त्यांना भर बैठकीत योगाबद्दल विचारलं होतं. त्याला उत्तर म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या कडव्या प्युरिटन पंथाचे उपदेशक पाठ केले. नरकाच्या आगीवरची तासन् तास चालणारी प्रवचनं, त्यांतली बायबलमधली वचनं, कुठली ओळ कुठून आली, सगळं. वर्गात कुणी जर्मन विद्यार्थी अडखळला की ते डोळे मिटून पुढचं वाक्य सांगत. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळालं नाही, पण "त्यांचं काय विचारता, त्यांना सगळं येतं" असं लोक म्हणायला लागले. हे त्यांनी असं एकट्याने मिळवलं होतं. आणि आता ही कालची मुलगी सांगत होती की तुम्ही चुकीच्या लोकांना पाठ केलंत.

तसेच ते पुढे वाचत गेले, आणि तिसऱ्या प्रकरणात त्यांना चूक सापडली.

ते अख्खं प्रकरण एका भाषणावर उभं होतं. अठराव्या शतकात इंग्रजांशी तहाच्या बैठकीत तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका टोळीच्या प्रमुखाने केलेलं भाषण. देवश्रीने त्याला आदिवासी वक्तृत्वाचा पहिला छापील नमुना मानलं होतं आणि त्यातल्या एकेका प्रतिमेवर पानंच्या पानं लिहिली होती. कर्णिकांनी तरुणपणी एका शिष्यवृत्तीवर अमेरिकेत एक उन्हाळा काढला होता आणि त्या बैठकीचं मूळ इतिवृत्त तेव्हा चाळलं होतं. त्यात असं भाषणच नव्हतं. ते पन्नासेक वर्षांनी बॉस्टनकडच्या एका वर्तमानपत्रात उगवलं होतं आणि बहुधा संपादकानेच रचलं होतं. हे त्यांनी कधी छापलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी समासात पेन्सिलीने एक खूण केली. बराच वेळ ते त्या खुणेकडे बघत राहिले. मग उठून आत गेले, खोडरबर शोधून आणलं आणि ती खूण पुसून टाकली.

मसुदा परत देताना ते म्हणाले, "चांगलं झालंय. भाषा सफाईदार आहे."

"प्रस्तावनेचा राग नाही ना आला?"

"राग कसला? अभ्यासात मतभेद असायचेच."

देवश्रीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्यांना दिसला. तिचे परीक्षक तिचं काम तपासतील, हे आपलं काम नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. परीक्षकांच्या ती चूक लक्षात आली नाही. देवश्रीला उत्तम श्रेणी मिळाली, ते प्रकरण एका नियतकालिकात छापून आलं, लग्न झालं आणि जागेच्या टंचाईमुळे नवं जोडपं कर्णिकांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलं. मयुरेशची कंपनी तिथून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होती. देवश्रीला जवळच्या एका विद्यापीठात मुदतीच्या करारावर शिकवण्याचं काम मिळालं.

दोन वर्षं सगळं वरवर ठीक चाललं. रविवारी सगळे खाली जेवायला बसत. कर्णिकांच्या पत्नी साधनाबाई गावातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं आणि सुनेचं चांगलं जमलं होतं. कर्णिक मात्र देवश्री काही बोलायला लागली की ताटाकडे बघून जेवत. ती चूक त्यांनी मनात जपून ठेवली होती. सून हुशारीचं काही बोलली की ते मनातल्या मनात तिसरं प्रकरण आठवायचे आणि त्यांना जरा बरं वाटायचं.

मग प्रकाशनसंस्थेच्या संपादक लिंडनरबाई, जर्मन रीतीने फ्राऊ लिंडनर, यांचा फोन आला. पुस्तकाची चौथी आवृत्ती काढायची आहे, पण आता जुन्या रूपात कुणी घेणार नाही. एका तरुण अभ्यासकाने सहलेखक म्हणून ते नव्याने घडवावं. आम्ही अर्ज मागवून निवडही केली आहे, डॉक्टर रेगे, त्यांचा प्रबंध फारच गाजला, तुम्ही ओळखत असाल. फ्राऊ लिंडनरना दोघांचं नातं माहीत नव्हतं. देवश्रीने नाव बदललं नव्हतं आणि अर्जात सासऱ्यांचा उल्लेख करायचा तिला संकोच वाटला होता.

कर्णिकांनी फोन ठेवला आणि जिन्याखाली उभं राहून हाक मारली. देवश्री खाली आली तेव्हा त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"माझ्या हयातीत माझं पुस्तक वाटून घ्यायला निघालीस, मला विचारावंसं वाटलं नाही?"

"रविवारी सांगणार होते, बाबा. त्यांचं उत्तर कालच आलं. मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला देतील आणि तो तुम्हाला विचारणारसुद्धा नाही. मी निदान तुमच्याशी भांडेन तरी."

"मग भांडच," कर्णिक म्हणाले.

त्या दिवसापासून घरात उघड वैर सुरू झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसत. कर्णिक तिला "फ्राऊ डॉक्टर रेगे" म्हणू लागले, मुलासमोरसुद्धा. तिच्या जर्मन वाक्यांतली शब्दांची लिंगं तिच्या देखत दुरुस्त करत. ती येणार असली की खालचं हीटिंग बंद करून स्वतः जाड स्वेटर घालून बसत. देवश्रीही काही कमी नव्हती. तिसऱ्या आवृत्तीची सगळ्यात बोचरी परीक्षणं छापून, "कालबाह्य" या शब्दावर पिवळी रेघ ओढून, ती टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवून द्यायची. बैठक संपली की वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला ईमेल धाडायची, "आदरणीय प्राध्यापक महोदय" अशा मायन्याची, आणि प्रत फ्राऊ लिंडनरना. साधनाबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत. मयुरेश कामावरून आला की चप्पल हातात घेऊन मागच्या जिन्याने वर जायचा.

खरं भांडण पहिल्या प्रकरणावर होतं. अमेरिकन साहित्य सुरू कुठून करायचं? कर्णिकांच्या पुस्तकात ते समुद्र ओलांडून येणाऱ्या प्रवचनापासून सुरू होत होतं. देवश्रीला त्या भूमीतल्या लोकांच्या सांगितलेल्या कथांपासून सुरुवात हवी होती.

"त्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या कशा?" कर्णिक म्हणाले. "पाद्र्याने ऐकल्या, अर्ध्यामुर्ध्या समजल्या आणि आपल्या सोयीने लिहून काढल्या. तिथे पाद्री बोलतोय. त्याने दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं वाक्य तू त्या दुसऱ्याचं म्हणून छापणार?"

"आणि तुम्ही काय करता? लिहिणारा पाद्री पहिल्या प्रकरणात आणि सांगणारा बाहेर. जात्यावरच्या ओव्याही कुणीतरी लेखणी घेऊन बसला म्हणूनच आपल्याला मिळाल्या. त्या वगळून मराठी साहित्याचा इतिहास लिहाल?"

"ओव्यांची भाषा मला येते. कुणी त्यात ढवळाढवळ केली तर मला ऐकू येईल. तुला त्या टोळ्यांची एक तरी भाषा येते?"

तिला येत नव्हती. कर्णिकांनी तो विजय दोन दिवस पुरवून खाल्ला.

पण शुक्रवारी ती दुसरंच घेऊन आली. पेन्सिल्व्हेनियात जर्मन निर्वासितांनी छापखाने काढले होते, पंचांगं छापली होती, भजनांची पुस्तकं, वर्तमानपत्रं छापली होती. तेही सुरुवातीचं अमेरिकन साहित्यच. जर्मन वाचकांसाठी जर्मनमध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यावर एक ओळ नाही, हे कसं? ऐंशीच्या दशकात त्यांच्या वरिष्ठांनी, शेतकऱ्यांची पंचांगं कोण वाचणार, असं म्हणून तो भाग काढायला लावला होता, आणि एका परक्या तरुणाने वाद घालण्यासारखी ती गोष्ट नव्हती. हे सुनेला सांगणं त्यांच्याच्याने झालं नाही. "जागा नव्हती," एवढंच ते म्हणाले. ती हसली. तिच्या त्या हसण्याने त्यांचं डोकं फिरलं आणि इतके दिवस जपून ठेवलेली गोष्ट आता बाहेर काढायची, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

संधी चालून आली. नव्या आवृत्तीची घोषणा म्हणून फ्राऊ लिंडनरनी विद्यापीठात एक जाहीर चर्चा ठेवली. एव्हाना दोघांचं नातं त्यांना कळलं होतं आणि त्यांना ते फार गोड वाटलं होतं. सासरा आणि सून, जुनी पिढी आणि नवी. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत साधनाबाई कांजीवरम नेसून बसल्या होत्या, शेजारी मयुरेश. चर्चा जर्मनमध्ये होती. कर्णिक त्या दिवशी इतके सौजन्याने बोलले की साधनाबाईंना उगाच बरं वाटलं. त्यांनी स्वतःच्या पुस्तकातल्या उणिवा हसत कबूल केल्या. मग त्यांनी देवश्रीला तिच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल विचारलं. ते भाषण तिला कसं भेटलं, त्यातली कुठली प्रतिमा तिला अस्सल वाटते, कशावरून वाटते. ती खुलून बोलली. त्यांनी तिला पुरेसं बोलू दिलं.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की हे भाषण कधी झालंच नाही. मूळ इतिवृत्त कुठल्या संग्रहात आहे, त्या दिवशी कोण कोण बोललं, नंतर ते कुठल्या वर्तमानपत्रात आलं, सगळं एकही कागद न बघता. शेवटी म्हणाले, "सहकारी महोदया ज्याला भूमिपुत्राचा आवाज समजतात तो बॉस्टनमधल्या एका गोऱ्या संपादकाचा आहे. माझे उपदेशक निदान स्वतःच्या तोंडाने तरी बोलत होते."

सभागृहात कुजबूज झाली. कुणीतरी हसलं. देवश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पेन उघडलं आणि वर्तमानपत्राचं नाव पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं, तिने लिहून घेतलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

कर्णिक रंगात आले होते. "मी ते इतिवृत्त वाचलं तेव्हा आपण शाळेतही जात नसाल."

"म्हणजे सादर करण्यापूर्वी मी माझा मसुदा तुम्हाला वाचायला दिला, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

हा प्रश्न आहे की नाही हे कर्णिकांना आधी कळलंच नाही. मग सभागृह शांत झालं आणि त्यांना कळलं. ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण पहिल्या रांगेत साधनाबाई होत्या. चेरीच्या झाडाखाली ते दोन दिवस वाचत बसले होते तेव्हा चहा साधनाबाईंनीच नेऊन दिला होता.

"ते काम परीक्षकांचं असतं," कर्णिक म्हणाले.

फ्राऊ लिंडनरनी पेनाला टोपण लावलं. मागच्या रांगेतल्या दोन विद्यार्थिनी उठून बाहेर गेल्या. चर्चा कशीबशी संपली. बाहेर टेबलावर वाइनचे ग्लास मांडले होते. कर्णिक एक ग्लास घेऊन उभे राहिले, पण ज्यांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं तेसुद्धा त्यांच्याजवळ आले नाहीत. कोट घालता घालता देवश्री त्यांच्यापाशी थांबली आणि मराठीत म्हणाली, "चूक माझीच आहे, बाबा. मी मूळ कागद बघायला हवे होते. ती मी निस्तरेन. पण मी तुमच्याकडे शिकायला आले होते."

तिने ती खरंच निस्तरली. दुसऱ्याच आठवड्यात तिने नियतकालिकाला आणि आपल्या जुन्या विद्यापीठाला कळवलं, प्रकरण मागे घेतलं आणि का घेतलं ते नावानिशी छापलं. त्यात कर्णिकांच्या संशोधनाला श्रेय दिलं होतं, एका कोरड्या वाक्यात. डॉक्टरेट टिकली, पण मुदत संपल्यावर शिकवण्याचा करार कुणी वाढवला नाही. प्रकाशनसंस्थेने कर्णिकांना दोन परिच्छेदांत कळवलं की सध्याच्या परिस्थितीत चौथी आवृत्ती काढणं शक्य नाही. तिसरी संपली की पुस्तक बंद होईल.

मयुरेश एका संध्याकाळी खाली आला. हा मुलगा लहानपणापासून मराठी सगळं समजायचा आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. त्यावरून बापाने त्याला पुष्कळ टोमणे मारले होते. त्या दिवशी तो दारातच उभा राहून अडखळत मराठीत बोलला.

"आल्झो, म्हणजे, बाबा, आम्ही जातो. मी नेकारसुल्मला नोकरी घेतली. तिकडे वोनुंग, जागा, मिळाली."

"अरे, पण हा आमच्या अभ्यासातला वाद आहे. त्यात तू कशाला..."

"मला अभ्यास नाही कळत. तिला खड्डा दिसत नव्हता आणि तुम्हाला दिसत होता. तुम्ही बघत राहिले." क्रियापद चुकलं होतं. कर्णिकांनी ते दुरुस्त केलं नाही.

वरचा मजला रिकामा झाला त्याच आठवड्यात साधनाबाईंनी आपले कपडे, देवघरातला गणपती आणि इस्त्री वर नेली. कर्णिकांना वाटलं, त्या साफसफाई करतायत.

"अहो, मी वरच राहणार आहे आता," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, ते तिरसट आहेत पण मनाने सरळ आहेत. आता काय सांगू?"

"तू सुनेची बाजू घेतेस?"

"मी कुणाची बाजू घेतली नाही. मला तुमच्यासमोर बसून जेववत नाही, एवढंच."

एका घरात दोन संसार झाले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे दार झाडण्याची पाळी दर्शवणारी पाटी एक आठवडा वर आणि एक आठवडा खाली टांगली जाऊ लागली, दोन परके भाडेकरू असावेत तशी. कर्णिक स्वतः भात लावायला शिकले. शेजारच्या स्वाबियन, म्हणजे त्याच मुलखातल्या, म्हाताऱ्याला वाटलं, साधनाबाईंनी वरची जागा भाड्याने घेतली. आठवड्यातून एकदा साधनाबाई गाडीने नेकारसुल्मला जात आणि संध्याकाळी परत येत. तिथलं काही त्या सांगत नसत आणि कर्णिक विचारत नसत. त्यांच्या मनातून राग गेला नव्हता. उलट वाढला होता. चूक तिने केली, मी फक्त खरं बोललो, आणि शिक्षा मला झाली, असा हिशोब ते रोज सकाळी दाढी करताना स्वतःला मांडून दाखवत. तो रोज कुठेतरी अडत असे. खोडरबर आणायला आपण उठून आत गेलो होतो, तिथे तो अडायचा.

एक हिवाळा गेला, दुसरा आला. फेब्रुवारीतल्या एका दुपारी दार वाजलं. बाहेर देवश्री उभी होती. साधनाबाई दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणींकडे गेल्या होत्या. कर्णिकांना वाटलं, ती त्यांना भेटायला आली असेल.

"आई घरी नाहीत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे काम आहे."

त्यांनी तिला आत घेतलं. पाणी विचारलं, ते ती नको म्हणाली. तिने पिशवीतून एक जाडजूड बाड काढून टेबलावर ठेवलं. सुरुवातीच्या अमेरिकन साहित्याचा इतिहास, जर्मनमध्ये, तिचा एकटीचा. न्युरेम्बर्गमधल्या एका छोट्या प्रकाशकाने तो घेतला होता. ती आता एका गुमनाझियुममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, इंग्रजी शिकवत होती आणि उरलेल्या वेळात हे लिहीत होती.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली. "सगळं. चुका काढा."

कर्णिकांना आधी ती चेष्टा करतेय असं वाटलं. "माझ्यावर विश्वास आहे तुझा?"

"विश्वास नाही. पण माझे सहकारी वाचतात ते सभ्यपणे वाचतात. चांगलं म्हणतात आणि परत देतात. तुमचा माझ्यावर जितका राग आहे तितका दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्ही एकही ओळ सोडणार नाही. आणि या वेळी तुम्ही गप्प बसलात तर ते मला कळेल, कारण या बाडात तीन चुका मी मुद्दाम ठेवल्या आहेत."

कर्णिकांना हा अपमान वाटला. वर्गात येऊन बसणाऱ्या नव्या पोराचीसुद्धा त्यांनी अशी परीक्षा कधी घेतली नव्हती.

"आभारांत माझं नाव नको," ते शेवटी म्हणाले.

"घालणारच नव्हते."

ती गेल्यावर तासभर ते बाड तसंच पडून होतं. मग त्यांनी चष्मा पुसला. पहिलं प्रकरण त्या भूमीतल्या कथांवरच होतं, पण तिने सुरुवातीलाच लिहिलं होतं की ही भाषा आपल्याला येत नाही, आणि मधल्या माणसाने काय बदललं असेल हे ओळखण्याचे मार्ग कोणते, कुठे ते थांबतात. म्हणजे त्यांचाच आक्षेप तिने उचलला होता आणि त्यावरच प्रकरण उभं केलं होतं. न विचारता. चौथ्या प्रकरणात उपदेशक आले. ते तिने चांगले लिहिले होते. इतके चांगले की कर्णिक चिडून उठले आणि अंगणात येरझारा घालून आले. पेन्सिल्व्हेनियातल्या छापखान्यांवरचं प्रकरण वाचताना त्यांनी तीन वेळा पेन्सिल टेकवली आणि तिन्ही वेळा उचलली, कारण काढण्यासारखं काही नव्हतं.

आठवड्याभरात त्यांना एकेचाळीस चुका सापडल्या. प्रत्येकीपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने लिहिलं, आणि कुठेही शब्द मऊ केला नाही. "हे कुणी सांगितलं?" "बाष्कळ." "पुराव्याशिवाय विशेषण वापरू नये." बाड टपालाने पाठवताना त्यांनी सोबत चार ओळी लिहिल्या: त्यातल्या तीन मुद्दाम कुठल्या ते ओळखण्याचे कष्ट मी घेतलेले नाहीत, कारण उरलेल्या अडतीस तितक्याच लाजिरवाण्या आहेत.

पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. साधनाबाई मिठाचा डबा न्यायला खाली आल्या होत्या, त्यांनी उचलला आणि न बोलता नवऱ्याच्या हातात दिला.

"सत्तावन्नाव्या पानावरची तुमची दुरुस्ती मी घेणार नाही," देवश्री पलीकडून म्हणाली. हॅलो नाही, बाबा नाही.

"का?"

"कारण तुम्ही चुकताय. ती कविता लिहिणारी बाई गुलाम होती, म्हणून तिने मालकाच्या देवाची स्तुती केली ती लाचारी, असं तुम्ही समासात लिहिलंय. ती स्तुती करता करता मालकाला काय ऐकवते, ते तुम्हाला दिसत नाही. उपदेशकाच्या तोंडी तेच शब्द असते तर दिसलं असतं."

"वाच ती ओळ."

तिने वाचली. कर्णिकांनी डोळे मिटले आणि तिला न विचारता पुढच्या दोन ओळी तोंडपाठ म्हटल्या. त्या त्यांच्या जुन्या पुस्तकातल्या तळटीपेत नव्हत्या, त्या त्यांनी नव्याने पाठ केल्या होत्या. मग ती पुन्हा तावातावाने बोलायला लागली, तेही आवाज चढवून तिला उलट उत्तरं देऊ लागले, आणि साधनाबाई मिठाचा डबा हातात धरून पायरीवर टेकल्या. अर्ध्या तासाने देवश्रीने मधेच फोन ठेवून दिला.

कर्णिकांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, तिचा नंबर शोधला आणि पुन्हा लावला.